तात्या खिडक्या का उघडायचे

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, राग आला. मी मिरजेत माझ्या स्वयंपाकघरात होते, भाकरी तव्यावर होती. फोनवर गावाकडच्या शेजाऱ्याचा आवाज. "नंदाताई, तात्या गेलं. सकाळी च्या घेतला आन् खुर्चीतच मान टाकली." मी "बरं, निघते" म्हणाले, गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. मनात एवढंच आलं, सुटलात तात्या, माझ्या गळ्यात धोंडा बांधून सुटलात. कारण त्याच्या बारा दिवस आधी माझ्या या चुलत्यांनी मिरजेच्या दवाखान्यात मला एक गोष्ट सांगितली होती. ती माझ्या आईच्या मरणाची होती आणि सांगायची होती माझ्या वडिलांना. तीस वर्षं ती त्यांनी पोटात ठेवली आणि शेवटी सांगितली भलत्याच माणसाला. आता ती अण्णांना सांगायचं काम माझ्यावर आलं होतं. अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि आईचा विषय काढला की खोलीतून उठून जातात.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं, खानापूर तालुक्यात. पाऊस कमी, जमीन हलकी, म्हणून आमच्याकडची माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी गलाईच्या धंद्यात पडली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम. सराफाकडचं मोडीचं सोनं, त्याच्या दुकानातला झाडलोटीचा केर, सगळं भट्टीत घालायचं आणि त्यातून चोख सोनं वेगळं काढून द्यायचं. देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात एक कळकट खोली असते, आत भट्टी पेटलेली असते आणि भट्टीपुढचा माणूस आमच्या बोलीत "कुठलं गाव पाव्हणं?" म्हणून विचारतो. अण्णा असेच पंधरा वर्षं केरळात होते. त्यांचे धाकटे भाऊ, तात्या, मात्र कुठल्याच बोळात गेले नाहीत. ते विसाव्या वर्षी कर्नाटकात एका सोन्याच्या खाणीवर गेले आणि तिथल्या सरकारी गिरणीत लागले. खाणीतून वर आलेला दगड तिथं दळत आणि त्यातून सोनं काढत. आमच्या गावात सोनं गाळणारे शेकड्यानं होते, सोनं दळणारा एकच.

गावानं त्यांची पुरेपूर थट्टा केली. जत्रेला गलाईवाले मोटारी घेऊन यायचे, गळ्यात साखळ्या, बोटांत अंगठ्या. तात्या यष्टीतून उतरायचे, हातात पत्र्याची ट्रंक, गळ्यात काळा दोरा. पारावर कोणीतरी हमखास विचारायचं, "काय तात्या, पडलं का पीठ दळून?" दुसरा म्हणायचा, "आरं, खाणीत ऱ्हाऊन ह्या गड्याच्या बोटाला सोनं न्हाई लागलं. लय इमानदार." इमानदार हा शब्द आमच्याकडं असाही वापरतात. तात्या हसून घ्यायचे. गिरणीत दगड कुटणाऱ्या लोखंडी मुसळांच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळं लोकांना वाटायचं ऐकू आलं नाही. पण घरी आल्यावर माझ्या आईला सांगायचे, "वहिनी, आज बी झालं त्येंचं." आई त्यांना जास्तीची एक भाकरी वाढायची आणि म्हणायची, "जेवा भावजी. जळत्यात मेलं." कोण कुणावर जळत होतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण तेवढ्यानं त्यांना बरं वाटायचं.

गिरणी म्हटलं की लहानपणी मला ज्वारीची गिरणी दिसायची आणि वाटायचं, तात्या तिथं पांढरेफटक होऊन बसत असतील. एकदा आईच्या चुलीपुढं बसून त्यांनी मला अख्खी गिरणी दाखवली, तीही घरातल्याच सामानावर. उखळ-मुसळ ओढून घेतलं. "हे बघ, आसं. पण मुसळ लोखंडाचं, माणसाच्या दुप्पट उंच, आन् वळीनं पन्नास. यंत्र उचलतं आन् सोडतं. खाली दगड. रात न्हाई, दिवस न्हाई." मग त्यांनी परात तिरकी धरली. हा तांब्याचा पत्रा, सागवानी फळ्यांवर ठोकलेला, त्यावर पारा चोळलेला. दगडाचा भुगा पाण्याबरोबर पत्र्यावरून वाहत जातो, माती पुढं निघून जाते आणि सोन्याचे कण पाऱ्याला चिकटून राहतात. आठवड्यातून एकदा तो लगदा खरवडायचा, फडक्यातून पिळायचा आणि तापवायचा, म्हणजे पारा उडतो आणि सोनं राहतं. इथं त्यांचा आवाज उतरला. "पण उघड्यावर कवाच न्हाई तापवायचं नंदे. झाकणाच्या भांड्यात, नळी लावून, नळीचं तोंड पाण्यात. पाऱ्याची वाफ दिसत न्हाई, तिचा वास येत न्हाई. कळंपातूर माणूस गेल्यालं असतंय." मी दहा वर्षांची होते. आई भाकरी थापता थापता ऐकत होती. ती म्हणाली, "भावजी, पोरीला कशाला भ्या घालताय." त्या दिवशी आम्ही तिघं हसलो होतो.

निवृत्त होऊन तात्या गावी आले ते थेट आमच्या शेजारच्या खोलीत. काकू तरुणपणीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. मग त्यांनी शाळकरी वह्या आणल्या आणि इतिहास लिहायला घेतला. कशाचा, तर सोन्याच्या सरकारी गिरण्यांचा. मी विचारलं, "तात्या, हे वाचणार कोण?" म्हणाले, "न्हाई वाचंना. लिहिल्यालं असावं." त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं. पण खाणीवरच्या एका म्हाताऱ्या साहेबानं त्यांना पुस्तकं दिली होती, ती ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे. त्यात ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाची हकीकत होती. तिथं एकेकटी माणसं कुदळ घेऊन दगड खणायची, पण दळायला गिरणी नव्हती. होती ती बड्या लोकांची. "सोन्याच्या धंद्यात खरं भांडण खाणीत नसतंय," तात्या सांगायचे, "ते गिरणीत असतंय. दगूड तुझा, घाम तुझा, पण दळणारा सांगंल तेवढंच सोनं तुझं." म्हणून तिथल्या सरकारनं स्वतःच गिरण्या घातल्या, आडरानात, कुणीही गाडीभर दगड घेऊन यावं आणि दळून न्यावं. लोक खूश झाले आणि वर्षा-दोन वर्षांत सरकारवरच संशय घ्यायला लागले. कारण दळून झाल्यावर मागं जी वाळू उरते तिच्यातही सोनं असतं आणि ती वाळू गिरणीतच राहायची. आपल्याकडं गोरी कंपनी गेली, सरकारनं खाण घेतली, गिरणी घेतली, फाटकावरची पाटी बदलली. "मुसळाचा आवाज तोच, संशय बी तोच," असं म्हणून ते खो खो हसायचे. त्यांच्या तिसऱ्या वहीत एक वाक्य आहे. वाचलं तेव्हा मला ते नुसतंच हुशारीचं वाटलं होतं. सरकारी गिरणीने दोन गोष्टी लिहिल्या पाहिजेत, किती सोनं निघालं आणि वाळूत किती राहिलं. पहिली सगळेच लिहितात.

आता खिडक्यांचं सांगते. तात्या कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खिडक्या उघडायचे. पाणी नंतर, चहा नंतर, आधी खिडक्या. मिरजेत माझ्याकडं यायचे तेव्हा थंडी असो, डास असो, समोर रस्त्याचं काम चालू असो, आमच्या हॉलच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या. माझे यजमान म्हणायचे, "तुमचे तात्या आले की घरात आणि रस्त्यात फरक राहत नाही." एकदा एका लग्नाच्या कार्यालयात त्यांनी एसी चालू असताना खिडकी उघडली आणि मॅनेजर भांडायला आला. आम्ही हसून सोडून दिलं. खाणीवरची सवय असेल, धुळीत राहिलेला माणूस, असं आपलं समजून घेतलं. माझ्या नवऱ्याला तर त्यांचा एवढा लळा होता की ते येणार म्हटलं की तो आधीच खिडक्या उघडून ठेवायचा. मग तात्या दारात उभे राहून बघायचे आणि दोन्ही हातांनी कप धरून चहा प्यायचे. त्यांचे हात थरथरायचे, एका हातानं बशीत सांडायचा.

पण गावाकडच्या घरात ही गंमत नव्हती. तिथं मधल्या खोलीला एकच खिडकी आहे, लाकडी झडपांची. तात्या रोज सकाळी अण्णांकडं चहाला यायचे आणि आधी मधल्या खोलीत जाऊन ती खिडकी उघडायचे. ते गेले की अण्णा उठायचे आणि ती बंद करायचे. रोज. वीस वर्षं. दोघं एकमेकांना त्यावरून एक शब्द बोलले नाहीत. पावसापाण्याचं, ग्रामपंचायतीचं, टीव्हीवरच्या बातम्यांचं सगळं बोलायचे, खिडकीचं नाही. एकदा मी सुट्टीत गेले होते तेव्हा तात्यांची पाठ वळल्यावर अण्णा मला म्हणाले, "बघितलंस? आला की आधी खिडकीला हात घालतो. मला दाखवतोय त्यो." काय दाखवतोय हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, कारण मलाही तेच वाटत होतं. ती मधली खोली म्हणजे अण्णांची भट्टीची खोली आणि त्या खोलीची खिडकी लावली म्हणून माझी आई गेली असं आम्ही धरून चाललो होतो.

झालं ते असं. पाठीचं दुखणं लागलं म्हणून अण्णा केरळातून परत आले होते. विट्याच्या सराफांचं थोडंफार काम मधल्या खोलीतल्या भट्टीवर करायचे. मी मिरजेत लॅबचा कोर्स करत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. त्याच सुमाराला तात्या रजेवर आले, सोबत टेंपोत सात-आठ जुन्या काळ्या फळ्या. आई म्हणाली, "भावजी, एवढ्या लांबनं सरपण आणलंसा?" खाणीवर जुनी मुसळांची गिरणी बंद झाली होती. गरगर फिरणारं नवीन यंत्र आलं होतं. मोडलेल्या गिरणीचं लाकूड कामगारांना जळणाला म्हणून चिठ्ठी देऊन वाटलं होतं. तात्यांनी आपला वाटा मागताना बरोबर त्या फळ्या मागून घेतल्या होत्या, ज्यांच्यावर तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. जेवण झाल्यावर त्यांनी अण्णांना हळूच सांगितलं, "आवं, पत्र्याखालच्या हायत. किती वर्सं सोन्याचं पाणी प्याल्यात, इचार करा. साफ करून आणल्यात. बिनघोर जाळा."

गलाईवाल्याला यापुढं काही सांगावं लागत नाही. आमच्यात वर्षाच्या शेवटी कारागीर ज्या पोत्यावर बसतो ते पोतंसुद्धा जाळतात, अंगातली बंडी जाळतात आणि राख धुऊन सोन्याचा कण काढतात. आणि राख उडू नये म्हणून जाळताना खोलीची दारं-खिडक्या लावून घेतात, पंखा बंद करतात. वारं म्हणजे नुकसान, हे आमच्या पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. अण्णांनी भट्टी पेटवली, खिडकी लावली. फळ्या जाड होत्या, म्हणून ते अंगणात बसून त्यांचे तुकडे करत होते आणि आई आत बसून ते भट्टीत सरकवत होती. तात्या तेव्हा विट्याला बाजारात गेले होते. मी सोप्यात पुस्तक घेऊन लोळत होते. दुपार अशी गेली. चारच्या सुमाराला आई बाहेर आली, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "नंदे, तोंडात पैसा धरल्यावानी लागतंय गं." मी म्हणाले, गूळ खा. एवढंच. संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप आला, छाती भरली, दुसऱ्या दिवशी तिला मिरजेला हलवलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही जाळलं होतं का? अण्णा म्हणाले, "लाकूड. सरपण." सहाव्या दिवशी ती गेली. कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं.

दहावं झाल्यावर नदीवरून परत येताना अण्णा वाटेत थांबले. मी दोन पावलं मागं होते, सगळं ऐकू येत होतं. अण्णांनी विचारलं, "तात्या, त्या फळ्यात काय हुतं का रं?" तात्या म्हणाले, "न्हाई. साफ हुत्या. धूर कोंडला असंल." अण्णांनी मान हलवली. म्हणाले, "म्हंजे खिडकी." आणि चालायला लागले. त्या दिवसापासून अण्णांनी भट्टी पेटवली नाही. राख एका डब्यात भरली, झाकण लावलं, खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. धुतली नाही, टाकलीही नाही. मी मिरजेला परत गेले. पुढं तिथंच नोकरी, तिथंच लग्न, तीस वर्षं लोकांचं रक्त काचपट्टीवर बघत बसले. आणि खरं सांगते, वडिलांशी नीट बोलले नाही. भांडण असं नाही. सणावारी जायचं, औषधं पोचवायची, विचारपूस करायची. पण मनात धरलेलं असायचं, की तुम्ही बाहेर बसलात आणि तिला आत बसवलंत, खिडकी लावून. तोंडात पैसा धरल्यासारखी चव कशानं येते हे माझ्या क्षेत्रात असून मला कधी शोधावंसं वाटलं नाही. बापाला धरणं सोपं होतं.

मग यंदा तात्यांना दम लागायला लागला म्हणून मी त्यांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी गेले तर खाटेवर उठून बसले होते, खिडकीकडं तोंड करून. मला म्हणाले, "बस. आन् मधीच बोलू नगंस." आणि सांगायला लागले. थांबत थांबत, मोठ्यानं, कानानं अधू माणसं बोलतात तसं, त्यामुळं शेजारच्या खाटेवरच्या बाईंनीही सगळं ऐकलं असणार.

"आमचा फोरमन हुता. त्यो म्हणायचा, लाकूड पारा पितं आन् इस्तवावर वकतं. धू, वाळीव, काय बी कर. आमी आसलं लाकूड जाळायचो ते लांब माळावर, वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभं ऱ्हाऊन. मी ईस येळा जाळलंय. मला ठावं हुतं नंदे... मी फळ्या नळाखाली धरल्या, उनात टाकल्या आन् मनाला सांगितलं, झालं. अण्णा खिडकी लावणार ह्ये बी ठावं हुतं. गलाईवाल्याचाच पोर मी."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत? माळावर जाळा म्हणायला काय झालं होतं?"

"गाव गोळा झालं आसतं," ते म्हणाले. "म्हणलं आसतं, तात्यानं सरकारचं सोनं चोरून आणलं. चिठ्ठी हुती माझ्याकडं, पर कुणाकुणाला दावणार? आन् दुसरं म्हंजे..." त्यांनी चादरीची कड ओढून सरळ केली. "एकदा तरी मी घरात सोनं आणल्यालं दिसावं, आसं वाटलं हुतं. वहिनीला बी."

मला तेव्हा त्यांची दया आली असती तर बरं झालं असतं. आली नाही. मी म्हणाले, "आणि नदीवर अण्णांनी विचारलं तेव्हा?"

"तवाच तर खरं पाप झालं. फळ्या म्हंजे चूक हुती. ती 'न्हाई' चूक नव्हती. व्हय म्हणलो आसतो तर अण्णांनी मला दारात उभं केलं नसतं. माझं दुसरं कोण हुतं? म्हणलं, मागनं सांगू. मागनं म्हंजे कवा, ते काय ठरलं न्हाई." मग त्यांनी खिडकीचं सांगितलं. बंद खोलीत त्यांचा जीव घाबरायचा, कुठंही गेले तरी आई आत बसलेली दिसायची आणि उघडल्याशिवाय बसवत नसे. "आन् अण्णा उठून बंद करायचं. मला वाटायचं, त्येंला कळलंय सगळं. न बोलता सांगत्यात, आता उघडून काय उपेग."

अण्णांना वाटत होतं तात्या आपल्याला दाखवून देतात, तात्यांना वाटत होतं अण्णा आपल्याला दाखवून देतात आणि अशी वीस वर्षं दोन भावांनी एका खिडकीवर काढली. कुणीतरी एकदा "का रं?" एवढं विचारलं असतं तर... पण आमच्या घरात सोनं गाळायला येतं, बोलायला येत नाही.

"अण्णांना सांगशील?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "तुम्ही सांगायचं तात्या. मी गाडी करून घेऊन जाते, पण सांगायचं तुम्ही." ते "व्हय" म्हणाले. पाच दिवसांनी मी त्यांना गावी सोडलं. सोडताना पुन्हा बजावलं. त्यानंतरचे सहा दिवस ते रोज सकाळी अण्णांकडं चहाला गेले, मधली खिडकी उघडली, चहा घेतला, परत आले. सातव्या दिवशी आपल्या खोलीतच खुर्चीत गेले. त्यांना जमलं नाही. माझा राग होता तो ह्याचा. आणि आता लिहिताना कळतंय, त्या सहा दिवसांत मीही एकदाही फोन करून विचारलं नव्हतं.

दिवस झाल्यावर मी त्यांची खोली आवरली. वह्या सात निघाल्या. ऑस्ट्रेलियाच्या गिरण्या, आपल्याकडची गिरणी, कामगारांच्या तक्रारी, पाऱ्यानं हात गेलेल्या माणसांची हकीकत, सगळं नीटस अक्षरात. नंतर नंतर अक्षर थरथरतं. सातव्या वहीत मुसळांची गिरणी मोडली तो दिवस लिहिलाय. कोणतं मुसळ आधी काढलं, कोण रडलं, शिट्टी कशी वाजली. मग एक ओळ, "तेथील लाकूड कामगारांस वाटण्यात आले." पुढं वही कोरी आहे. तीस-चाळीस पानं कोरी. मी ती उलटत बसले होते तेव्हा वाळूत किती राहिलं ते लिहिलं पाहिजे, हे त्यांचंच वाक्य आठवलं आणि मी तिथंच त्यांच्या खाटेवर बसून हे लिहायला घेतलं.

हे मी पेपरच्या रविवारच्या पुरवणीला पाठवायचं ठरवलं. ती पुरवणी अण्णा भिंग लावून वाचतात, जाहिरातींसकट. म्हणजे हे छापून आलं असतं तर त्यांनी वाचलंच असतं. एक मोह असाही झाला की असंच कळू द्यावं, समोर बसायला नको. पण तसं केलं असतं तर माझ्यात आणि तात्यांत फरक काय राहिला? म्हणून गेल्या आठवड्यात गावी गेले आणि वरचं सगळं अण्णांना वाचून दाखवलं. पुढचं त्यानंतर लिहिलंय.

ते सोप्यात खाटेवर बसले होते. गावाच्या थट्टेशी हसले. इतिहासाच्या वह्यांपाशी म्हणाले, "येडं हुतं." भट्टीचं आलं तेव्हा त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली, पण उठून गेले नाहीत. नदीवरची "न्हाई" वाचून मी थांबले. "वाच," ते म्हणाले. मी दवाखाना वाचला. संपल्यावर त्यांनी मला ती "न्हाई"ची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "तुला सांगितलं. मला का न्हाई?"

"आन् तू बी मलाच धरलं हुतंस," ते म्हणाले. त्यात विचारणं नव्हतं.

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "चुकले मी." तीस वर्षांचं दोन शब्दांत कसं मावणार, पण माझ्याकडं दुसरे नव्हते. मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो जड होता आणि बराच वेळ तिथंच होता. मग एकदम म्हणाले, "गाढवानं ईस वर्सं मला खिडकी बंद कराय लावली." ते रागानं म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी काय दारात उभं केलं नसतं व्हय त्येला? मारलं आसतं. मारलं आसतं आन् जेवाय वाढलं आसतं. माझा भाऊ हुता त्यो." मी विचारलं, "अण्णा, हे छापू का?" म्हणाले, "छाप. नाव न्हाई त्येचं लिहायचं. तात्या एवढंच लिही."

ते उठले आणि मधल्या खोलीत गेले. तात्या गेल्यापासून ती खिडकी बंदच होती. कडी घट्ट बसली होती. मी पुढं झाले तर त्यांनी काठीनं मला अडवलं. बराच वेळ लागला. खिडकी उघडली तेव्हा उजेड कोपऱ्यातल्या डब्यापर्यंत गेला. त्यांनी डब्याकडं बघितलं, पण त्याला हात लावला नाही. मी पुढचे दोन दिवस तिथं होते. संध्याकाळी डास यायला लागले, म्हणून मी विचारलं, "अण्णा, खिडकी लावून घेऊ का?"

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लावली तर परत उघडाय कोण हाय आता?"